मोर म्हणजे समुद्र

बुधवारी साडेसहाला, पेन्झान्सच्या लायब्ररीत,
रेडिएटरवर ओले कोट वाळत घालून
आम्ही सात जण एक मेलेली भाषा शिकतो.
मेलेली म्हणायचं नाही, टॅम्सिन अँगोव बजावते.
डोळा लागला होता म्हणा.
टॅम्सिनच्या आईला ती येत नव्हती, आईच्या आईलाही नाही.
हिने चाळिशी उलटल्यावर शब्द गोळा केले
शेतांच्या नावांतून, घरांच्या पाट्यांवरून,
खडकांना कोळी जी नावं ठेवतात त्यांतून.

फळ्यावर लिहिते: मोर.
मोर म्हणजे समुद्र.
मी वहीत उतरवून घेतो
आणि खिडकीबाहेर, अंधारात, उपसागरभर
कोणीतरी पिसारा मिटतं.

ची म्हणजे घर.
आमच्याकडे ची नुसता प्रत्यय, मी सांगतो,
कोणाची, कुठची; त्याला एकट्याने राहता येत नाही.
इथे एकटंच राहतं, टॅम्सिन म्हणते,
लंडनवाले ऑगस्टात दोन आठवडे येतात तेवढेच.

बाल म्हणजे खाण.
दहा-दहा वर्षांच्या मुली पांढरी टोपडी घालून
खाणीच्या तोंडाशी धातूचे दगड फोडत बसायच्या.
या शब्दावर मी काही बोललो नाही.

बाकीचे सहा दिवस मी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नर्स.
अकरा नंबरमध्ये हेडली ट्रेम्बाथ, वय शहाऐंशी,
फुप्फुसं निम्मी खाणीत ठेवून आलेला.
समुद्राच्या तळाखाली काम. वादळ झालं की, सांगतो,
डोक्यावर गोटे गडगडायचे,
वरच्या मजल्यावर कोणी रात्रभर पाटा सरकवतंय असे.
डब्यात पेस्टी, करंजीचा दांडगा थोरला भाऊ.
तिचा शेवटचा कोपरा खायचा नाही,
अंधारात टाकायचा, भिंतीआडून ठकठक करणाऱ्यांसाठी.
चित्राहुती, मी म्हणालो.
काय असेल ते, तो म्हणाला, पण टाकायचा.

माझा क्लास म्हणजे त्याच्या मते थोतांड.
आम्ही बापजन्मी इंग्रजीच बोलतो.
मात्र मला इंग्रज म्हणून तर बघ.

गोळ्या तो स्वतः मोजून घेतो.
विश्वास कोणावरच नाही, सरकारवर तर नाहीच.
परवा सकाळी चादरीवर एकेक मांडत पुटपुटत होता:
ओनन, द्यू, त्री, पेस्वर, पिम्प...
माझ्या हातातला रक्तदाबाचा पट्टा तसाच राहिला.
हे तुम्हाला कोणी शिकवलं? ही कुठली भाषा?
भाषा कसली, तो म्हणाला,
हे मासे मोजायचं.
न्यूलिनच्या धक्क्यावर आत्या बांगडे मोजायची असे.

व्हेह. सेथ. एथ.
आठपाशी अडकला.
बोट हवेत, शेवटची गोळी एकटी,
चेहऱ्यावर शाळेत उभं केलेल्या पोराची भीती.
नऊ, मी म्हणालो.
वहीतला नव्हे. तो माझा, बालवाडीतला.

नाऊ! त्याने गोळी ओढली. कुठे शिकलास?
घरी.
घर कुठे?
हर्णै.
बंदर आहे?
आहे.
मासा?
तारली, मी म्हणालो. तिनेच गाव तारलं. आता कमी येते.
इथेही, तो म्हणाला. कड्यावरून हेव्वा हेव्वा ओरडायचे,
अख्खं गाव होड्यांकडे धावायचं.
आत्याला आठवायचं. मला फक्त तिचं ओरडणं आठवतं.

नववी गोळी जिभेवर ठेवून त्याने पाणी मागितलं.
दौर, मी ग्लास पुढे करत म्हणालो. मागच्या बुधवारचा धडा.
ते काय असतं, त्याने विचारलं,
आणि मला लाजच वाटली,
त्याच्याच दाराशी उभं राहून
त्याला किल्ली दाखवल्यासारखी.

पाणी, मी पुटपुटलो. तुमच्यात पाण्याला म्हणतात.

त्याने ग्लास संपवला. हनुवटी पुसली.
बराच वेळ खाली बंदराकडे बघत बसला.
परत म्हण, म्हणाला.